एका शब्दासाठी डोंगर

आमच्या द्रोणागिरी डोंगराबद्दल उरणची जुनी मंडळी सांगतात, की मारुतीला संजीवनी नेमकी कुठली ते ओळखेना. म्हणून त्यानं आख्खा डोंगरच उचलला आणि वाटेत त्याचा तुकडा इथं पडला. बोललेलं ऐकून टाइप करणाऱ्या यंत्राचं कूळही मला याच गोष्टीतलं वाटतं. ओळखायचा असतो एक शब्द, उचलायचा असतो डोंगर. तो कुणी वाहायचा, एवढंच दर पिढीला बदलत गेलं.

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' तयार झाली. तिला फक्त इंग्रजी आकडे कळत, तेही ओळखीच्या आवाजात, थांबून थांबून म्हटले तर. एवढ्यासाठी पुरुषभर उंचीचा सांगाडा विद्युतमंडलांनी भरलेला! १९६२च्या सिअ‍ॅटल प्रदर्शनात आयबीएमनं 'शूबॉक्स' मांडला. नावाप्रमाणेच बुटांच्या खोक्याएवढा, शब्द सोळा. तोंडानं बेरीज सांगितली की जोडलेलं यंत्र उत्तर काढून द्यायचं.

तेव्हा मुंबईत काय होतं? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' सुरू झाला होता. अठरा फूट लांब, आत २,७०० व्हॉल्व्ह आणि स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम १० केबी. आज आवाज नोंदवताना सेकंदाला १६,००० नमुने घेतात, प्रत्येक दोन बाइटचा. त्या मापानं टिफरॅकची सगळी स्मृती सेकंदाच्या एक तृतीयांशात भरली असती. 'द्रोणागिरी'तला 'द्रो' मावला असता, पुढचा 'णागिरी' बाहेर! टिफरॅकच्या चमूतल्या पी. व्ही. एस. राव यांनी पुढे याच संस्थेत मानवी वाणीवर संशोधन केलं, हे विशेष.

मग डोंगर टेबलावर आला. १९९०चं 'ड्रॅगन डिक्टेट' ९,००० डॉलरना मिळे आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. १९९७च्या 'नॅचरली स्पीकिंग'ला सलग बोललेलं कळू लागलं. त्याला १३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम लागे. साउंड कार्ड आणि तोंडाजवळचा माइक वेगळाच, कारण आवाजातली खरखर यंत्राला शब्दच वाटायची. मराठीचा त्यात पत्ता नव्हता.

आपली पाळी आली ऑगस्ट २०१७मध्ये, गूगलच्या बोलून टाइप करण्यात मराठी आली तेव्हा. पण तोवर डोंगर टेबलावरून उठून दूरच्या सर्व्हरवर गेला होता. आपल्याकडे नुसता फोन आणि नेट. २०१९मध्ये गूगलनं इंग्रजीपुरतं हे काम ८० एमबीत बसवून फोनमध्येच आणलं. त्याआधी सर्व्हरवर याला २ जीबी लागत. २०२२चं 'व्हिस्पर' हे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालतं, पण सर्वांत छोट्या आवृत्तीला ग्राफिक्स कार्डाची १ जीबी मेमरी पुरते, मोठीला सुमारे १० जीबी. छोटी आवृत्ती इंग्रजीत निभावते, मराठीत ठेचकाळते. ती मेमरी जाते कुठं? नुसता कान पुरत नाही. 'उरण' ऐकलं की 'वरण', हे तोलायला आजूबाजूची सगळी भाषा हाताशी लागते. अशी जड कामं करणारी सर्व्हरची कोठारं आता आपल्याच शेजारी आहेत. पनवेलजवळचं योट्टा कंपनीचं केंद्र २०२०मध्ये सुरू झालं.

माझा स्वतःचा अनुभव साधा आहे. गॅलरीत उभा राहून फोनला म्हटलं, 'उरणला निघालोय.' खाली बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग, एअर ब्रेकचे फुसकारे, हॉर्न. फोननं लिहिलं, 'वरण ला निघालोय.' आत येऊन काच ओढली, तेच वाक्य, तोच फोन, बिनचूक. तेव्हापासून आमच्याकडे हार्डवेअरच्या यादीत पहिली वस्तू खिडकीची काच.

शेजारच्या आगरी आजींचं मात्र काच लावूनही अडतं. त्यांचं पाणी 'पानी', डोळा 'डोला'. इथं रॅम वाढवून काही होत नाही. यंत्राला तसं बोलणं ऐकवावं लागतं. टाटा संस्थेतल्या संशोधकांनी बाजारभाव सांगणाऱ्या फोनसेवेसाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज टेलिफोनवरच गोळा केले होते, ते याचसाठी. आजींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग माझाही घ्या की." आणि फोन तोंडाशी धरून आपलं अडलेलं वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं.