कोडिंग, पण किबोर्डशिवाय!

इअरफोन लावलेत? मग चला.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "अरे, हिला कोडिंगचा क्लास लावू का? पाच वर्षांची झाली. सगळे म्हणतायत, आत्ता नाही शिकली तर मागे पडेल." मी म्हटलं, ताई, थांब. आधी एक गोष्ट ऐक. तीच आज तुम्हालाही सांगतो.

साल १९६७. अमेरिकेतलं केंब्रिज. कॉम्प्युटर तेव्हा कपाटाएवढे, आणि ते मुलांच्या हातात द्यायचे हा विचारच लोकांना वेडेपणा वाटायचा. तरी सीमोर पेपर्ट, सिंथिया सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुलांसाठी प्रोग्रामिंगची भाषा बनवली. नाव 'लोगो'. पुढे तिच्या जोडीला एक कासव आलं. म्हणजे जमिनीवर फिरणारा, पोटाशी पेन लावलेला रोबो. 'फॉरवर्ड १००, राइट ९०' असं चार वेळा सांगितलं की झाला चौकोन तयार!

पेपर्ट यांचा मुद्दा साधा होता. मशीनने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने मशीनला शिकवावं. कासव भलतीकडे गेलं तर मूल नापास होत नाही. आपण सांगितलं काय आणि झालं काय, हे ते शोधून काढतं.

पण एक अडचण होती. लोगोसाठी टाइप करता यायला हवं. मग ज्यांना अजून अक्षरओळखच नाही, त्यांचं काय?

इथे आपल्या गोष्टीत येतात राडिया पर्लमन. सत्तरच्या दशकात, एमआयटीत शिकत असताना, त्यांनी अगदी तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी 'टॉर्टिस' बनवलं. आधी बटणांची पेटी. मग रंगीत खोके आणि त्यातल्या खाचांमध्ये खोचायची चित्रांची कार्डं. पुढे जा, वळ, भोंगा वाजव. बटण दाबलं की कासव एकेक कार्ड ओळीने पाळणार, आणि ज्या कार्डाची पाळी त्याच्याखाली दिवा लागणार. चूक कुठे झाली, ते डोळ्यांसमोर! लाल कार्ड खोचलं की लाल खोक्यातली सगळी कामं होणार. मोठी माणसं ज्याला 'फंक्शन कॉल' म्हणतात, तेच हे. आणि ते लाल कार्ड लाल खोक्यातच खोचलं तर? कासव थांबायचं नावच घेणार नाही.

मग हे काम पुढे का गेलं नाही? पर्लमन यांनी नंतर स्वतःच सांगितलंय. तिथे बायका मोजक्याच होत्या. लहान मुलांसोबत काम करत राहिलो तर आपल्याला कुणी गंभीरपणे घेणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते सोडलं. १९८५ मध्ये त्यांनी नेटवर्कसाठी 'स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल' बनवला आणि जगभर नाव झालं. आपला फायदाच झाला म्हणा. पण मला त्या कार्डांची हळहळ वाटते. वाचता न येणाऱ्या मुलांसाठीचं 'स्क्रॅचज्युनिअर' आलं थेट २०१४ मध्ये.

तर, क्लासचं काय झालं? रविवारी मी ताईकडे गेलो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर बाण काढले आणि कासव झालो. भाचीने कार्डं मांडली, मी चाललो, आणि थेट सोफ्यावर आपटलो. ती हसली. मग कार्डांकडे बघून म्हणाली, "मामा, तू नाही चुकलास. माझं एक कार्ड उलटं लागलंय."

फी शून्य. भेटू पुढच्या भागात!