गृहपाठातले ‘गृह’

‘गृहपाठ’ या सामासिक शब्दात आपले सारे लक्ष उत्तरपदाकडे असते. पाठ किती असावा यावर वाद झडतात; गृह कसे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर व दौंड तालुक्यांच्या निमित्ताने आम्हांस तेच विचारावयाचे आहे.

पंतोजींच्या शाळेतील मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी आणि पावकी, निमकी, औटकी पाठ करी. दिवेलागणीचा परवचा हा त्याचा घरचा अभ्यास. मात्र त्या घरात चूक ऐकून दुरुस्त करणारे कोणी तरी असे. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी दुसरे घर दाखविले. तेथे मूल गुरांमागे आणि शेतात हवे असते; शाळाच दुर्मीळ, मग परवचा कुठला?

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनीही या आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिकांची गरज मांडली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी आजच्या दौंड तालुक्यातील केडगावी आसरा दिला. तेथे निवारा आणि शाळा एकाच आवारात होती. पाठाआधी गृह द्यावे लागते, हे या प्रयोगाचे मर्म आम्हांस वाटते.

आज या परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो. हंगामात मराठवाड्यातून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात व कोप्यांत राहतात. आईबाप पहाटे फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीने वही कधी उघडावी?

१९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्याची चर्चा केली. २०२०च्या केंद्रीय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यास फार तर २ तास, असे सुचविले. त्याच वर्षी महासाथीने शाळा बंद झाल्या, सारा पाठच गृहपाठ झाला, आणि ज्या घरी मोबाइल नव्हता तेथील शिक्षण थांबले.

सरावाचे मोल आम्ही नाकारीत नाही. पाढे आणि हस्ताक्षर सरावानेच येतात. पण जो सराव घराच्या ऐपतीवर अवलंबून असतो, तो मुलाची नव्हे, घराची परीक्षा घेतो. म्हणून तो शाळेच्याच ओसरीवर, शिक्षकांच्या देखत व्हावा. वही कोरी राहिली म्हणून छडी उगारण्यापूर्वी त्या घरात दिवा होता का, एवढे तरी विचारावे.