शनवार तेली आणि मोशेचा कायदा

घाणा म्हणजे काय हे वर्धेकरांस सांगावयास नको. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे आपल्या मगनवाडीत पडले, आणि तेथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणा सुधारून जो नवा घाणा उभा केला तो 'मगनवाडी घाणा' या नावाने दूरवर गेला. आजचा आमचा विषय प्राचीन हिब्रू वाङ्मयातील कायदा आणि इतिहास हा आहे. परंतु त्याचा आरंभ आम्ही यरुशलेमपासून न करता घाण्यापासून करणार आहोत. कारण मराठी मुलखात मोशेचा कायदा प्रथम नांदला तो पोथीत नव्हे, घाण्यावर.

आम्ही पंडित नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही, हिब्रू आम्हांस येत नाही. जिन-प्रेसच्या मजुरांची संघटना बांधता बांधता कायद्याची पुस्तके वाचण्याची सवय लागली, आणि त्या सवयीनेच हा जुना ग्रंथ आम्ही मराठीत वाचला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. केडगावच्या मुक्तिसदनातून ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली. धर्मग्रंथ म्हणून तो कोणी कसा वाचावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही तो मजुराच्या डोळ्यांनी वाचला, एवढेच.

आता घाण्याकडे वळू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रोहे या बाजूंस तेल गाळणारे काही लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. नेसणे-बोलणे शेजाऱ्यांसारखेच, आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली. फरक एकच डोळ्यांत भरे : शनिवारी यांचा घाणा फिरत नसे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. हेच बेने इस्राएल. पूर्वजांचे गलबत चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या.

पोथी गेली, तेव्हा राहिले काय? शनिवार राहिला. मुलांची सुंता राहिली. देव एक आहे हे सांगणारी 'शमा' ही छोटी प्रार्थना राहिली. खवले व पर नसलेला मासा खायचा नाही हा निर्बंध राहिला. दावीद राहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांच्या स्त्रियांपुढे मासळी ठेवली, त्यांनी तसले मासे बाजूला काढले, आणि त्यावरून त्याने यांची ओळख पटवली, अशी कथा प्रसिद्ध आहे. सणही राहिले, पण मराठी नावांनी. दार लावून उपवास करण्याचा दिवस म्हणजे 'दरफाळणीचा सण'. आंबट रस ठेवण्याचे मडके झाकून ठेवायचे, तो 'अनाशी ढाकाचा सण'. मडके का झाकायचे? त्याचे उत्तर कोणास येत नव्हते. कायदा उरला होता, त्यामागचा इतिहास बुडाला होता.

ही गोष्ट विलक्षण का, ते मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून कळत नाही. कारण त्या ग्रंथात कायदा व इतिहास कोठेच वेगळे सापडत नाहीत. पहिल्या पाच पुस्तकांना 'तोरा' म्हणतात आणि त्याचे भाषांतर बहुधा 'नियमशास्त्र' असे करतात. पण वाचावयास बसावे तो आधी भावाभावांची भांडणे, दुष्काळ, मिसर देशातील वेठ, विटांचा ठरलेला कोटा. गवत द्यायचे बंद, विटांची संख्या मात्र तीच, आणि कोटा भरला नाही तर मार मजुरांतूनच नेमलेल्या मुकादमांना! कामवाढ म्हणजे काय हे आम्हांस त्या प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही अहवालात दिसले नाही. मग सुटका, रानातील प्रवास, आणि प्रवासाच्या मध्येच कलमे सुरू होतात.

याच्याशी बाबेलच्या हम्मुराबी राजाचा कायदा ताडून पाहावा. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील हा शिलास्तंभ १९०१-०२ च्या सुमारास सूसा येथे सापडला. आज तो पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे. त्याची २८२ कलमे मोजतात. आरंभी व अखेरीस राजाची थोरवी, मध्ये 'अमुक केले तर तमुक शिक्षा' अशी कोरडी मांडणी. तो कायदा निर्दय होता असे मात्र नव्हे. कर्जापायी विकलेल्या माणसाला तीन वर्षे राबवून चौथ्या वर्षी सोडावे असे त्यात आहे, आणि हिब्रू कायदा सातव्या वर्षी सोडतो. मुदतीपुरता हम्मुराबीच उदार. पण 'का सोडावे' हे तो सांगत नाही. राजाने सांगितले, पुरे झाले.

हिब्रू कायदा कारण सांगतो, आणि तेही इतिहासातून. शनिवारचेच पाहा. दहा आज्ञा ग्रंथात दोनदा येतात. 'निर्गम' या पुस्तकात विसाव्याचे कारण असे की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते, परंतु कारण बदललेले असते : तू स्वतः मिसरात गुलाम होतास हे आठव. आणि विसावा कोणाला? मुलाला, मुलीला, दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला, गावात राहणाऱ्या परक्याला. आपल्यासारखाच दासालाही विसावा मिळावा हा हेतू तेथे उघड सांगितला आहे. पहिले कारण आकाशातले, दुसरे वीटभट्टीवरचे. आम्हांस दुसरे अधिक पटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठवड्याची सुटी कोणाच्या दयेने मिळत नाही हे आपल्याही इतिहासात आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, हिंगणघाटची गिरणी १८८१ साली. त्या काळी गिरणीस वार नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, त्यात रविवारची सुटी ही मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवार मान्य केला. दुसऱ्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आली. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही नेहमी विचारतो की रविवार कोणी दिला. 'साहेबाने दिला, तो चर्चला जायचा' हे उत्तर ठरलेले असते.

असो. हिब्रू कायद्यातील मजुरीचे कलम सांगतो. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो आपला असो वा परका. कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. आपल्या १९३६ च्या मजुरी कायद्याने मालकाला पगाराची मुदत संपल्यावर सात ते दहा दिवस दिले होते. गहाण घेतलेले पांघरूण रात्र पडण्यापूर्वी परत करावे. सुटणाऱ्या दासाला रित्या हाताने पाठवू नये. कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले द्यावे. ग्रॅच्युइटी आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने आली हे ध्यानात घ्यावे.

पण वकिलाप्रमाणे एकच बाजू मांडणे बरे नव्हे. याच ग्रंथात परदेशी गुलाम कायमचे बाळगण्याची मुभा आहे, बापाने मुलगी दासी म्हणून विकण्याचे कलम आहे. मिसरातील वेठीची आठवण कुंपणाच्या बाहेर फारशी गेली नाही. तथापि कुंपणाच्या आत ती हलत होती. 'निर्गमा'तील कलम पुरुषाला सातव्या वर्षी सोडते, विकलेल्या मुलीला त्याच रीतीने सोडत नाही. 'अनुवादा'त स्त्री व पुरुष दोघेही सुटतात आणि निरोपाची भेटही वाढते. म्हणजे कायद्यात दुरुस्ती झाली. ती मोशेच्याच तोंडी घातली गेली, एवढेच.

ही दुरुस्ती केव्हाची? योशीया राजाच्या काळी, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमचे मंदिर दुरुस्त होत असता एक नियमग्रंथ सापडला व तो ऐकून राजाने वस्त्रे फाडली, अशी कथा आहे. हा ग्रंथ म्हणजे 'अनुवादा'चा गाभा असावा, असे डे व्हेटे या जर्मन पंडिताने १८०५ साली मांडले आणि बहुतेक अभ्यासकांनी ते पुढे चालवले. आम्हांस त्या कथेतील दुसरीच एक ओळख सुखावते : सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हाती दिलेल्या पैशाचा हिशेब घेतला जात नव्हता, कारण ते सचोटीने वागत, असे तेथे नमूद आहे.

हे सारे कागदावरच होते काय? १९६० साली भूमध्य समुद्राच्या काठी यावने-याम जवळच्या एका जुन्या किल्ल्यात योसेफ नावे यांना शाईने लिहिलेले खापर सापडले. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीचे, चौदाएक ओळींचे. तो एका कापणी करणाऱ्या मजुराचा अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे. तो सांगतो की आपण ठरलेली कापणी पुरी केली, धान्य कोठारात घातले, तरी शबायाचा मुलगा होशायाहू याने आपले वस्त्र काढून नेले. उन्हात बरोबर कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील. वस्त्र परत मिळावे. अर्जदाराचे नाव वाचता येत नाही, ज्याच्यावर तक्रार त्याचे येते. निकाल काय लागला ते खापर सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या अर्जाचा घाट आमच्या ऑफिसातील अर्जांहून वेगळा नाही : काम पुरे केले, अडवणूक झाली, साक्षीदार आहेत, न्याय द्या. पांघरुणाचे ते कलम त्या मजुराला पाठ होते की नाही, कोण जाणे. पण दाद मागता येते, एवढे त्याला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट यिर्मयाच्या पुस्तकातली. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा सिद्कीया राजाने सरदार व धनिकांकडून हिब्रू दास मोकळे करण्याचा करार करवला. हिब्रूतील 'बेरीथ' या शब्दाला मराठी भाषांतरकारांनी 'करार' हाच शब्द वापरला आहे. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन तो करार पक्का केला. मध्यंतरी मिसरचे सैन्य आले म्हणून वेढा उठला, आणि धनिकांनी सोडलेले दास पुन्हा धरून आणले! यिर्मयाने त्यांना दोनच गोष्टींची आठवण दिली, मिसरातील सुटकेची आणि सातव्या वर्षाच्या कलमाची. पुढे इ. स. पू. ५८७ च्या सुमारास शहर पडले.

हे प्रकरण वाचताना आम्हांस एक हंगाम आठवला. एका कारखान्यात, नावाचे प्रयोजन नाही, गाठी अडल्या होत्या तेव्हा तेहतीस बदली कामगारांना कायम करण्याचा करार झाला. आमच्यापुढे सह्या झाल्या, पेढे वाटले. गाठी गाडीत चढल्या, कापूस संपला, आणि पुढच्या सोमवारी तीच तेहतीस नावे फाटकावर रोजंदारीच्या यादीत लागली. आमच्यातला एक म्हातारा प्रेसवाला म्हणाला, "दादा, कागद त्यांच्यापाशी आहे, पण कोण कोण होतं ते आपल्यापाशी आहे." त्याच्या सांगण्यावरून आम्ही त्या दिवशी हजर असलेल्यांची नावे एका वहीत लिहून काढली. पुढे तीच वही उपयोगी पडली.

कोकणातील तेल्यांना त्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकात परत मिळाला, आणि तो मराठीतून. जॉन विल्सन या स्कॉच मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, 'हागादा', हिब्रू व मराठी अशी शिळाप्रेसवर निघाली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. १८८० च्या सुमारास तर या मंडळींनी मोशेचे आख्यान कीर्तनात लावले, साकी-दिंडीसकट. तेव्हा त्या झाकलेल्या मडक्याचे कारण कळले : मिसरातून निघताना पीठ आंबायलाही वेळ नव्हता, म्हणून त्या सणात आंबलेले काही घरात वापरायचे नाही.

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे निराळाच प्रश्न उभा राहिला. कोकणात असताना यांना यहुदी घटस्फोटाचा शास्त्रोक्त विधी ठाऊक नव्हता, मग यांच्याशी लग्ने कशी लावावी, असा आक्षेप निघाला. १९६२ साली धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्राएल वर वा वधू आल्यास वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. तेलाच्या घाण्यावर कायदा सांभाळणाऱ्यांकडे आता इतिहासाचे कागद मागितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात ही मराठी बोलणारी माणसे यरुशलेमात ठिय्या देऊन बसली. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपल्या हुकमातून 'बेने इस्राएल' हे शब्द काढावे लागले.