कोकमाचा रंग पोटात जातो तेव्हा

उन्हाळा आला की कोकणातून घाट चढून आलेली आमसुले आणि आगळ कोल्हापूरच्या बाजारात दिसू लागतात. कोकमाचे सरबत पोटाला चांगले, ही समजूत घाटावरही जुनी आहे. पण त्यातल्या रंगद्रव्यांचे पोटात काय होते, हा प्रश्न विज्ञानाला नीट मांडता यायला बराच काळ लागला. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

१९३६ साली सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने फळांतील फ्लॅव्होनॉइडांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. फ्लॅव्होनॉइडे हा पॉलिफेनॉलांचाच एक गट. पण ती जीवनसत्त्वे असल्याचा पुरावा मिळेना. १९५० साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी हे नाव वगळण्याची शिफारस केली.

रसायनशास्त्राचे काम मात्र चालूच होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील कृष्णमूर्ती, लुईस आणि रवींद्रनाथ यांनी १९८१ साली कोकमातील गार्सिनॉल या पिवळ्या पॉलिफेनॉलची रचना मांडली. सरबताला लाली देणारी अँथोसायनिने वेगळी. पण तीही पॉलिफेनॉलेच.

अडचण अशी, की खाल्लेल्या पॉलिफेनॉलांपैकी थोडीच लहान आतड्यात शोषली जातात. मग उरलेली वाया जातात काय? तसे नाही. ती मोठ्या आतड्यात पोचतात. तेथील जीवाणू त्यांचे मोठे रेणू तोडून लहान आम्ले बनवतात आणि ती रक्तात शिरू शकतात. उलट, पॉलिफेनॉले काही जीवाणूंना आवर घालतात, तर काहींची वाढ त्यांच्यामुळे होते. असा हा दुहेरी व्यवहार आहे.

२०१५ साली कॅनडातील संशोधकांनी उंदरांना क्रॅनबेरीचा अर्क दिला, तेव्हा अक्करमान्सिया हा आतड्यातील श्लेष्मावर जगणारा जीवाणू वाढला. २०१९ साली तैवानमधील संशोधकांनी गार्सिनॉल देऊन उंदरांच्या आतड्यातील जीवाणूंत बदल नोंदवले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि शुद्ध गार्सिनॉल म्हणजे सरबत नव्हे. गार्सिनॉल मेदात विरघळते. सरबत तर पाण्याचे, शिवाय त्यात साखर पुष्कळ. म्हणून ‘कोकम पोटाला चांगले’ हे वाक्य वर्गात निष्कर्ष म्हणून सांगू नये. कोणता पदार्थ, किती प्रमाणात, कोणाला आणि कशाच्या तुलनेत, हे विद्यार्थ्यांनाच विचारू द्यावे, असे आम्हाला वाटते.