‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे सरकारसुद्धा?

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा केंद्रीय अधिनियम २८ ऑगस्ट १९५८चा. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीवाचून संरक्षित क्षेत्रात कोणत्याही व्यक्तीला इमारत बांधता येत नाही, खोदकाम करता येत नाही, सुरुंग लावता येत नाहीत. जागेचा मालक आणि भोगवटादार यांनाही ही मनाई आहे, हे कलमात मुद्दाम नोंदवलेले आहे. सरकारबद्दल मात्र एक अक्षर नाही. मग सरकारी खात्यानेच कुदळ उचलली तर?

अशा वेळी पहिला आधार १८९७च्या सामान्य खंड अधिनियमाचा. ‘व्यक्ती’ या संज्ञेत कंपन्या, संघ, व्यक्तींचे गट येतात, नोंदणी असो वा नसो, असे तो सांगतो. सरकार येते असे तो म्हणत नाही आणि येत नाही असेही म्हणत नाही. व्याख्येपाशी वाट खुंटते. पुढचा पुरावा न्यायनिर्णयांत शोधावा लागतो, आणि त्यातला पहिला थेट मुंबईचा आहे.

मुंबई महापालिकेला पाण्याची मुख्य नळवाहिनी टाकायची होती. वाटेत प्रांतिक सरकारची जमीन होती. १८८८च्या मुंबई महापालिका अधिनियमाने शहरातल्या कोणत्याही जमिनीतून नळ नेण्याचा अधिकार पालिकेला दिला होता. सरकारने संमतीला अटी जोडल्या, पालिकेला त्या पटल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने कौल दिला. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली तो फिरवला. राजसत्तेचे नाव कायद्यात स्पष्ट घेतलेले नसेल, तर तिला बांधून घेतल्याशिवाय कायद्याचा हेतू पूर्णपणे फसतो हे त्याच्या शब्दांतूनच दिसले पाहिजे, अशी ती कसोटी होती. बहुतेक कायदे या कसोटीवर टिकणे अवघडच.

१९५८च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांसमोर हा निर्णय होता असे धरायला हरकत नाही. तेव्हा तोच प्रचलित नियम होता. तरीही ‘हा अधिनियम शासनावर बंधनकारक राहील’ एवढे एक वाक्य त्यांनी घातले नाही. सरकारला मोकळे ठेवायचे होते म्हणून? की स्मारकांचा राखणदार तेच, त्याला वेगळे बजावायची गरज वाटली नाही म्हणून? दोन्ही तर्क शक्य आहेत. दुसरा मला अधिक संभवनीय वाटतो, कारण या कायद्यातली परवानगी देणारी सत्ता पहिल्यापासून केंद्र सरकारच आहे. पण हा केवळ अंदाज.

१९६० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलचाच नियम उचलून धरला. कलकत्त्याच्या शिधावाटप संचालकांनी पालिकेच्या परवान्यावाचून धान्य साठवले होते, ते सुटले. न्या. वांछू यांचे मत मात्र विरुद्ध पडले. सहा वर्षांनी कलकत्त्याचेच दुसरे प्रकरण आले. पश्चिम बंगाल सरकार ऑर्फनगंज रोडवर परवान्यावाचून बाजार चालवत होते. डिसेंबर १९६६मध्ये सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९६०चा निर्णय रद्दबातल ठरवला. राजा कायद्याच्या वर असतो ही इंग्लंडची कल्पना, प्रजासत्ताकात तिला जागा नाही. कायद्याने स्पष्टपणे वा अपरिहार्य सूचनेने वगळले नसेल तर शासनही बांधील, असा बहुमताचा निष्कर्ष होता. न्या. शहा यांनी असहमती नोंदवली. यातले एकही प्रकरण स्मारकाचे नाही, हे विसरू नये. नळ, धान्य आणि बाजार यांवरून दर्ग्याच्या किंवा लेण्याच्या कुंपणापर्यंत येणे हे अनुमान आहे, मात्र ते भक्कम आहे.

गंमत अशी, की त्याच १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ५८वे कलम आहे. सरकारी खात्याला बांधकाम करायचे असेल तर संबंधित अधिकाऱ्याने किमान तीस दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवावे. प्राधिकरणाने हरकत घेतली तर आराखडा बदलावा किंवा प्रकरण राज्य सरकारकडे पाठवावे. शेवटचा शब्द राज्य सरकारचा. मुंबईची १९९५ची वारसा नियमावली याच अधिनियमाखालची, आणि तिच्या यादीत सरकारी मालकीच्या इमारती भरपूर आहेत. म्हणजे बंधन आहेच, फक्त वाद झाला तर पक्षकार आणि निवाडा करणारा एकच!

केंद्रीय कायद्याकडे परत येऊ. १६ जून १९९२च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित झाले. पुढे एका सल्लागार समितीच्या शिफारशीवर त्या शंभर मीटरांतही परवानग्या मिळू लागल्या. ऑक्टोबर २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. जानेवारी २०१०मध्ये वटहुकूम निघाला, मार्चमध्ये दुरुस्ती अधिनियम आला. त्यातले कलम २०-अ बारकाईने वाचावे. तिसरे उपकलम सार्वजनिक कामासाठी प्रतिबंधित क्षेत्रातही परवानगीची वाट ठेवते. लगेच चौथे उपकलम ती वाट बंद करते: विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाल्या दिवसापासून अशी परवानगी देऊ नये, सार्वजनिक कामालाही नाही. ‘विधेयकाला संमती’ हे शब्द वटहुकमात असणे शक्य नाही. तेव्हा या रूपातले चौथे उपकलम वटहुकमानंतरच तयार झाले असणार. ते कोणाच्या आग्रहाने आले, हे कलमाच्या मजकुरातून कळत नाही.

२००९ आणि २०१० यांच्यातली ही धावपळ बोलकी आहे. पण निर्णायक कागद २०१७चा. त्या वर्षी १८ जुलैला केंद्र सरकारने लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले. केंद्राच्या पैशाने, केंद्राच्या खात्यांनी करायच्या, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक अशा पायाभूत कामांना, दुसरा व्यवहार्य पर्याय नसेल तर, प्रतिबंधित क्षेत्रात मुभा मिळावी अशी त्यात तरतूद होती. आपल्याला हा कायदा लागूच नाही असे सरकारला वाटत असते, तर सूट मागण्याचे कारणच नव्हते. १९५८च्या कायद्याने जे लिहिले नाही, ते सरकारने स्वतःच्या विधेयकातून कबूल केले.

या बंधनालाही फटी आहेत. ‘बांधकाम’ या संज्ञेतून सांडपाण्याची गटारे, सार्वजनिक पाणीपुरवठा आणि वीजवितरणाची कामे २०१०मध्येच वगळली गेली. ज्या नळावरून १९४६चा वाद झाला, तसला नळ आज या मनाईत मोडणार नाही. उलट कलम ३०-क चांगले कडक आहे. प्रतिबंधित किंवा विनियमित क्षेत्रातल्या बेकायदा बांधकामाकडे कानाडोळा करणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकार नावाच्या अमूर्त संस्थेला तुरुंगात टाकता येत नाही, अधिकाऱ्याला येते.

२०१७चे विधेयक २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेत संमत झाले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. राज्यसभेची मंजुरी मिळण्याआधीच मे २०१९मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. सार्वजनिक कामांनाही मनाई करणारे चौथे उपकलम त्यामुळे कायद्यात जसेच्या तसे राहिले.