हात आणि यंत्र

चेन्नईच्या वायव्येस वसलेले अंबत्तूर हे यंत्रांचे गाव. 1964 साली तेथे औद्योगिक वसाहत उभारण्यात आली आणि लहानमोठ्या कारखान्यांनी तो परिसर गजबजून गेला. पण याच गावात दीपावलीच्या पहाटे घरातील वडीलधारी माणसे मुलांच्या माथ्यावर तिळाचे तेल घालतात. मराठी घरातील अभ्यंगस्नानाचेच हे भावंड. दिवसभर यंत्र चालविणारा हात त्या पहाटे तेलात भिजतो. अंग चोळण्याचे हे कामही उद्या यंत्राने पत्करले तर?

हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. सिंगापूरमधील एका चिकित्सालयात 2017 साली 'एमा' नावाचा यंत्रबाहू रुग्णांची पाठ दाबू लागला. तथापि हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे.

हाताची कीर्ती आपल्याच देशातून साता समुद्रापार गेली. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद याने 1814 च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान व मर्दन यांचा व्यवसाय थाटला. पुढे राजा चौथा जॉर्जही त्याचा आश्रयदाता झाला. आपल्या 'चंपी'चे नातलग असलेला 'शाम्पू' हा शब्द इंग्रजीत त्या काळी मर्दनासाठीच वापरला जाई.

यंत्राची बाजू मांडली ती स्वीडनने. गुस्ताव झांडर या वैद्याने 1865 साली स्टॉकहोममध्ये संस्था काढून व्यायामाची, थोपटण्याची व कंप देण्याची यंत्रे बसविली. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. हात थकतो, यंत्र थकत नाही. हाताचा जोर कमीजास्त होतो, यंत्राचा मोजून देता येतो. त्याच्या संस्था अनेक देशांत निघाल्या. परंतु पहिल्या महायुद्धानंतर त्यांना उतरती कळा लागली. उलट 1894 साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी स्थापन केलेली मर्दनतज्ज्ञांची संस्था वाढत जाऊन तिच्यातूनच ब्रिटनमधील भौतिकोपचाराचा व्यवसाय आकारास आला.

झांडरच्या यंत्राला स्नायू आक्रसल्याचे कळत नसे. आजच्या यंत्रबाहूला दाब मोजणारे संवेदक असतात. तेव्हा 'यंत्राला जाणीव नाही' एवढे म्हणून भागत नाही. पण दाब मोजणे वेगळे आणि दुखणे ओळखणे वेगळे. ही सूज चोळू नये, आधी डॉक्टरांना दाखवावी, हे जाणता मर्दनकार बोटांनी व चार शब्दांच्या विचारपुशीने ताडतो.

शिवाय प्रश्न भाकरीचाही आहे. जपानमध्ये शतकानुशतके मर्दन ही अंधांची उपजीविका होती. दक्षिण कोरियात हा व्यवसाय कायद्याने दृष्टिहीनांसाठी राखलेला असून, 2008 साली तेथील घटनात्मक न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. ज्यांचे डोळे बोटांत आहेत, त्यांच्या जागी यंत्र बसविताना केवळ जोराचा हिशेब पुरणार नाही.

यंत्राने थकलेल्या हाताचे ओझे जरूर हलके करावे. परंतु कोठे थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र हाताकडेच राहावा.