शेंबूड ते पीयूष

‘‘नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. आणि खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं काही टपकलं, तर लगेच सांगायचं.’’ शिकाऊ डॉक्टरीणबाई काकांना बजावत होत्या. आदल्या दिवशी काकांच्या पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीवरची गाठ काढली होती, तीही नाकातून. हे दुखणं कळायलाच 6 वर्षं गेली. अंगठी बोटात रुतली, साबण लावूनही निघेना. 8 नंबरची चप्पल 10 वर गेली. आम्ही म्हणायचो, वय झालं, अंग भरलं. शेवटी दातांतल्या फटी आणि पुढे आलेला जबडा पाहून दाताच्या डॉक्टरांना शंका आली. मग काकांना ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाला रक्त घेतलं. साखर पोटात गेली की या ग्रंथीतून येणारं ग्रोथ हार्मोन खाली यायला हवं. काकांचं हटलंच नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसली.

‘‘डोक्यातली गाठ काढली आणि पथ्य नाकाचं!’’ काका म्हणाले. या ग्रंथीचं आणि नाकाचं नातं मात्र फार जुनं आहे, आणि त्याची सुरुवात एका ठाम चुकीनं झाली.

दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याचं म्हणणं असं, की मेंदूत तयार होणारा मळ एका नरसाळ्यातून खालच्या ग्रंथीत उतरतो आणि तिथून नाकाघशात येतो. म्हणजे सर्दी झाली की वाहतो तो मेंदूचा गाळ. 1543 मध्ये आंद्रेआस वेसालियसनं शरीररचनेचा आपला थोर ग्रंथ छापला. गेलेनच्या कितीतरी चुका त्यानं काढल्या, ही मात्र तशीच ठेवली. लॅटिनमध्ये कफाला, शेंबडाला ‘पिट्युइटा’ म्हणतात, त्यामुळे ती झाली ‘मेंदूचा कफ झेलणारी ग्रंथी’. पिट्युइटरी हा शब्द तिथला. तिच्या देठाला आजही वैद्यकात नरसाळंच म्हणतात.

हा समज मोडला विटेनबर्गच्या कोनराड श्नायडरनं, 1660 च्या सुमारास. शेंबूड मेंदूतून गळत नाही, नाकाच्या आतल्या अस्तरातच तयार होतो, हे त्यानं दाखवून दिलं. त्या अस्तराला पुढे त्याचंच नाव मिळालं. ग्रंथीचं नाव मात्र कुणी बदललं नाही. सोमरिंगनं 1778 मध्ये ‘हायपोफिसिस’ असा सभ्य शब्द सुचवला. तोही चालतो, पण शेंबडाचा जुना शब्द काही हटला नाही.

आपल्याकडे मराठी नाव देताना कुणाला तरी ‘पीयूष’ सुचलं. पीयूष म्हणजे अमृत. माझा आपला अंदाज, की पिट्यु आणि पीयू यांच्या उच्चारातल्या सारखेपणानं हे जुळलं असावं. गंमत पुढे आहे. संस्कृतात नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकालाही पीयूष म्हणतात, ज्याचा आपण खरवस करतो. आणि आईला दूध येण्यासाठी लागणारं प्रोलॅक्टिन याच वाटाण्याएवढ्या ग्रंथीत तयार होतं! मराठी विश्वकोशातलं ‘पोष ग्रंथी’ हे नावही चांगलं आहे, पण त्यात ही मजा नाही.

आता नाकातल्या वाटेचं. मेंदूपर्यंत नाकातून जाता येतं हे प्राचीन इजिप्तमध्ये ममी करणाऱ्यांना ठाऊक होतं. ते आकडा घालून मेंदू बाहेर काढत. पण ते मेलेल्या माणसाचं. जिवंत माणसात ही वाट पहिल्यांदा धरली हर्मान श्लोफरनं, 16 मार्च 1907 ला, इन्सब्रुकमध्ये. त्यासाठी त्याला रुग्णाचं नाक कापून बाजूला वळवावं लागलं. 1910 मध्ये व्हिएन्नाचा नाकाचा डॉक्टर ऑस्कर हिर्श थेट नाकपुडीतून आत शिरला, कोकेननं जागा बधिर करून. तिकडे अमेरिकेत हार्वी कुशिंगनं वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन 1910 ते 1925 या काळात 231 शस्त्रक्रिया केल्या. मृत्यूचं प्रमाण 5.6 टक्के. प्रतिजैविकं नसलेल्या काळात हे मोठंच यश. आणि मग त्यानंच ही वाट सोडली, कवटी उघडायला लागला. कुशिंगचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बहुतेक सगळे त्याच्या मागे गेले.

एक शिष्य मात्र गेला नाही. एडिंबराच्या नॉर्मन डॉटनं नाकाचीच वाट धरून ठेवली. 1956 मध्ये पॅरिसचा झेरार गियो त्याच्याकडून ती शिकला, गियोकडून माँट्रियलचा ज्यूल हार्डी. गायकीची घराणी अशीच टिकतात, एकानं समोर बसून शिकवायचं. हार्डीनं 1960 च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणला आणि निरोगी ग्रंथी राखून तेवढी गाठ वेचणं जमू लागलं. 1990 च्या दशकात दुर्बीण आली. आता बाहेर ओरखडाही दिसत नाही. प्रोलॅक्टिनच्या गाठींना तर 1970 च्या दशकापासून बहुतेक वेळा गोळ्याच पुरतात.

खरी भीती असते ती मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळण्याची. भोक मोठं असेल तर ते नाकाच्या पडद्यावरचं अस्तर सोलून, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वर फिरवून बुजवतात. म्हणजे श्नायडरचंच अस्तर.

तिसऱ्या दिवशी काकांचं नाक टपकलं. सगळ्यांच्या पोटात गोळा. बाटलीत थेंब धरले आणि तपासणीला पाठवले. मेंदूच्या पाण्यात असणारं आणि नाकाच्या स्रावात नसणारं एक प्रथिन शोधतात, बीटा-2 ट्रान्सफेरिन. दोन दिवस काका उशीवर डोकं उंच ठेवून, छताकडे बघत पडून होते.

निव्वळ शेंबूड निघाला.